१७९५ चा डॉलर कोणी घासला?

आमच्या नाणे मंडळात गेली चाळीस वर्षं मी एकच गोष्ट घसा फोडून सांगतोय: जुन्या चांदीला घासू नका. तिच्यावर चढलेली काळपट-निळी झाक हीच तिची खरी किंमत. ती गेली की नाणं मातीमोल.

आणि आज सकाळी माझ्या घरी आलेला ओरिन माझा १७९५ चा डॉलर भिंगाखाली धरून पुन्हापुन्हा उलटत राहिला. ओरिन मंडळाचा अध्यक्ष.

"लाइल, हा कोणी घासला रे? चमच्यासारखा लखलखतोय."

"डोळे तपासून घे. काळाकुट्ट आहे तो."

मी पाहिलं. नाण्यावरची मोकळ्या केसांची बाई पांढरीफटक झाली होती, गालावर बारीक ओरखडे. माझं डोकंच चालेना. कपाटाची किल्ली तर माझ्या गळ्यात. चोर शिरला, नाणं घासलं आणि परत जागच्या जागी ठेवून गेला?

"मी नंतर येतो," म्हणत ओरिन सटकला.

मी स्वयंपाकघरात गेलो. माझी बायको, व्हर्ना, पॅनकेक उलटत होती.

"डॉलर कोणी घासला?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. गॅस बंद केला.

"मी."

"तू? पन्नास वर्षांत कधी त्या कपाटाला बोट लावलं नाहीस!"

"आता लावलं. मळलेला दिसला."

"कशाने घासलास?"

"टूथपेस्टने."

"आणि किल्ली?"

"तू आंघोळीला गेलास तेव्हा घेतली. ओरड आता काय ओरडायचं ते."

मी मनसोक्त ओरडलो. अक्कल गहाण टाकलीस का, इथपर्यंत गेलो. एकाला चार ऐकवणारी व्हर्ना एका शब्दानेही उलट बोलली नाही. त्यामुळे मी आणखीच गोंधळलो.

तिने फडकं ओलं केलं, समोर बसली, माझा हात ओढून घेतला आणि एकेक बोट पुसू लागली. फडकं काळं होत गेलं. नखांच्या कडेला खायचा सोडा वाळून बसला होता, तोही निघाला.

"व्हर्ना, टूथपेस्टनेच ना?"

"हो."

"नक्की?"

"नक्की," ती मान वर न करता म्हणाली. "दुसरा हात दे."

मला फार भीती वाटली. मी दुसरा हात दिला.