शून्य टाकलं आणि दिवा लागला

हसू नका, मी कॅल्क्युलेटर बोलतोय! नुसत्या बेरीज-वजाबाकीचा नव्हे हं, आलेख काढणारा. समीकरण द्या, पडद्यावर वळणदार रेघ हजर. मुलींच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही बारा भावंडं एकाच खोक्यातून आलो. मी सातवा.

सुरुवातीला आमची चंगळ होती. मुली माझ्यावर गणितं कमी आणि एकमेकींच्या नाकांचे आलेख जास्त काढत. मग चकचकीत टॅब आले आणि आमची रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एका सोमवारी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, "शुक्रवारी भंगाराची गाडी येतेय. हे बारा डबे देऊन टाका. तापमान मोजायच्या नव्या सळईला ते वीजसुद्धा देत नाहीत."

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या ताईंना ते फार लागलं. टॅब सहा आणि मुली साठ! मागच्या बाकांच्या वाट्याला प्रयोग यायचाच नाही.

"सर, याच्या यूएसबीतून वीज सोडता येते म्हणे. एकाने जरी सळई चालवली, तर बाराही राहतील?"

"आधी चालवून तर दाखवा."

निवड नेमकी माझी झाली. माझ्या चारही सेलांत धस्स झालं.

वायर लावायच्या भोकाला पोर्ट म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण माझ्या पोटातही पोर्ट आहेत, म्हणजे नंबर घातलेली दारं. दारात जो आकडा टाकाल, तसं माझं अंग वागतं. यूएसबीच्या विजेचं दारही त्यातच. ताईंनी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्या दारात एक टाकला. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद, हे कुणीही सांगेल. सळईचा दिवा मात्र ढिम्म! बुधवारपर्यंत ताईंनी वायर बदलली, सेल बदलले, शेवटी माझ्यावरच खेकसल्या. मी तरी काय करणार? मी सांगकाम्या.

गुरुवारी दुपारी सफाईच्या मावशी फरशी पुसायला आल्या.

"ताई, घामाघूम झालात की! पंखा तरी लावा."

"लावलाय ना."

"कुठे? बटण खाली केलंय तुम्ही. या खोलीतलं बटण उलटं बसवलंय. पाच वर्षं झाली, तरी विसरता!"

मावशींनी बटण वर केलं. पंखा फिरला आणि त्याबरोबर ताईंच्या डोक्यातली चक्रंही.

"मावशी, याचंही बटण उलटं असेल तर?"

त्यांनी दारात शून्य टाकलं. माझ्या कुशीतून वीज सुळकन बाहेर पडली आणि सळईचा हिरवा दिवा लागला! ताईंनी मावशींना मिठी मारली. ओल्या फरशीवर दोघी घसरता घसरता वाचल्या. मला इतका आनंद आजवर कधीच झाला नव्हता.

शुक्रवारी मुख्याध्यापकांनी सळई मुठीत धरली. पडद्यावर रेघ हळूहळू चढू लागली.

"अरे, हा मी?"

"तुम्हीच, सर. चौतीस अंशांवर आलात."

"थांबा, अजून चढतो!" ते सळई सोडायलाच तयार होईनात. एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. "आता गाडीवाल्याला काय सांगू?"

मावशी म्हणाल्या, "सांगा, इथे कुणी मेलेलं नाही."

आता आम्ही बाराही जण बाकांवर असतो, मागच्यासुद्धा. विनवणी एकच, सुट्टी लागली की आठवणीने आमचे सेल काढा. ते पाझरले की पोट जळतं, आणि मला अजून पुष्कळ हातांची ऊब मोजायचीय.