टाकीतला ठिपका

काळ्या टेपचा एक तुकडा अंगठ्याला चिकटून राहिला होता—नखाएवढा, कडेला हातमोज्याच्या लोकरीचा धागा लागलेला—आणि तो काढावा की राहू द्यावा असा विचार ओब्दुलिया करत होती, तेवढ्यात वर झाकण बसलं आणि अंगठाच दिसेनासा झाला. टेप तेवढा जाणवत राहिला.

"बसलात ना नीट, डॉक्टरबाई?" तेयोचा आवाज पत्र्यातून गाळून आल्यासारखा आला. या वेधशाळेतला जुना मेकॅनिक, तिच्याच वयाचा.

"बसले. तू शिडीवरून पडू नकोस."

"पडलो तर तुमचं नाव घेत पडेन. आत भूत भेटलं तर माझ्या सासूची चौकशी करा. जिवंतपणीही तिला दिवा लावलेला खपायचा नाही."

ती हसली, आणि काळोखात आपलं हसणं आपल्यालाच ऐकू आल्यावर थांबली.

वेधशाळेच्या अनेक टाक्यांपैकी एक, दुरुस्तीसाठी पाणी काढून घेतलेली, घराएवढी, आतून काळ्या रबराचं अस्तर. एरवी इथे पाणी असतं आणि तळाशी प्रकाश टिपणारे काचेचे डोळे, वर बघत पडलेले. आकाशाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून गॅमा किरण येतो, हवेवर आपटून फुटतो, आणि त्याचा चुरा पाण्यातून जाताना निळसर लकाकी उमटते—इतकी पुसट, की झाकणाला टाचणीएवढं भोक असलं तरी उन्हाची तिरीप तिला गिळून टाकते. म्हणून कुणीतरी आत बसायचं, नजर काळोखाला सरावेपर्यंत, आणि वरून दिवा फिरला की भोक शोधायचं. खरं तर हे तरुण पोरांचं काम. आज तिने मागून घेतलं होतं.

मागून का घेतलं... कारण काल नेरेओचा पुएब्लाहून फोन आला. एकेकाळी तिच्या हाताखाली शिकलेला, आता सगळ्यांचा प्रमुख. "बाई, रागावू नका हं. ही एक टाकी वगळून बघितलं, तर तुमचा उगम विझतो. झाकणातून उजेड येतोय बहुतेक."

तुमचा उगम—जणू तिने पाळलेलं कुत्रं होतं ते. आकाशातली एक जागा, जिथून गॅमा किरण थोडे जास्त येतात असं तिने दाखवलं होतं, एवढंच. पण एवढंच तर उरलं होतं. त्याच्या आधीचा एक उगम, तरुणपणी सापडलेला, ज्याच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तो जसजसं मोजमाप वाढत गेलं तसतसा विरघळत गेला. कुणाची चूक नव्हती, नुसता योगायोग होता, पुरेशी वर्षं मोजलं की उघडा पडणारा. तेव्हा ती म्हणाली होती, विज्ञान असंच असतं. किती सहज म्हणाले मी ते! पुढे वर्षं आहेत असं वाटणाऱ्या बाईला काय, काहीही म्हणता येतं.

आणि डोळा... उजवा. पावसाळ्यापासून रात्री दिवा मालवला की त्यात काहीतरी लकाकायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा बोलावलं, ती गेली नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी आई तव्यावरची तोर्तिया बोटांनी चाचपून उलटायची आणि म्हणायची, दिसतंय गं मला, दिसतंय.

"दिवा फिरवतोय!" तेयो ओरडला.

आणि ठिपका दिसला. अगदी बारीक, पांढरा.

भोक असेल तर उगम गेला. डोळ्यातला असेल तर डोळा जाईल. ती या दोन वाक्यांच्या मध्ये बसून राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात काहीतरी मागतो आहोत—डोळाच असू दे. डोळा घे. असं कुणाजवळ मागत होती ती? देवळात तर ती आईच्या मृत्यूनंतर फिरकली नव्हती.

"डॉक्टरबाई! झोप लागली का? प्यायला गरम अटोले घेऊन येऊ?"

"गप बस जरा."

ताडून बघणं सोपं होतं. शिकायला येणाऱ्यांना हेच तर ती आयुष्यभर सांगत आली—आधी उपकरण झाकून बघा, झाकल्यावरही दिसत राहिलं तर ते आकाशातलं नाही, तुमच्या उपकरणातलं आहे. तिने हात उचलला. टेपचा तुकडा भुवईला लागला. तळवा डोळ्यांवर आला.

ठिपका गेला.

म्हणजे भोकच... आणि त्याच वेळी, तळव्याच्या अलीकडे, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, दुसरा एक दिसला. थरथरता. इतका वेळ पहिल्याच्या आड बसलेला. तिने मान वळवली, तोही वळला.

"सांगा ना! आहे की नाही?"

हात खाली आला. पहिला आपल्या जागी होता, प्रामाणिकपणे, वाट बघत.

"आहे," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा साधा निघाला. "कडेला, डावीकडे. अजून थोडं डावीकडे... तिथेच."

वर टेप फाडल्याचा टर्रकन आवाज झाला. तेयोचं बोट घासत फिरलं.

"गेला?"

"तो गेला."

"शाबास! उघडू का झाकण?"

"नको. राहू दे थोडं."

तेयो वर काहीतरी पुटपुटला, मग शिडी करकरली. ती बसून राहिली. आता मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे भीतीही हातातून सुटल्यासारखी कुठेतरी खाली जाऊन पडली होती. तो दुसरा डोळ्यापुढे लकाकत होता, विझत होता, पुन्हा लकाकत होता... आणि सवयीने, काहीएक न ठरवता, तिने त्याची लकाकी मोजायला सुरुवात केली.