कोळंबीचा आवाज

माणूस जगाशी जोडलेला असतो तो कानांनी. डोळे, नाक, जीभ ही सगळी दुय्यम खाती, असा कानमास्तरांचा सिद्धान्त होता आणि तो त्यांनी आयुष्यभर निष्ठेने पाळला होता. त्या रविवारी सकाळी मात्र ते एक कोळंबी शेपटीला धरून ओट्याशी उभे होते आणि सिद्धान्ताचा काडीचाही उपयोग होत नव्हता. कोळंबीला कान नसतात.

"पाठीवर चीर द्या, बाबा," साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून मुलगी ओरडली. "आणि तो काळा दोरा ओढून काढा."

"दोरा? हिला शिवलीय का कुणी?"

"बाबा, प्लीज. आणि शेपटी तोडू नका."

"का? ती काय करायची?"

"धरायला. खाताना."

"बघ, मेल्यावरसुद्धा बिचारीचं दुसऱ्यांची सोय बघणं सुटलं नाही."

मुलगी हसली आणि तेवढ्यात तिच्या दारावर कुणीतरी आलं. "बाकीचं व्हिडिओत बघा, सोपंय," असं म्हणून तिने फोन ठेवला. जगात जे जे सोपं असतं ते फोन ठेवताना सांगितलं जातं.

कानमास्तर हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. सगळी नोकरी गेली ती इस्पितळाच्या तळघरातल्या एका खोलीत, लोकांचे कान तपासण्यात. माणसाला काचेच्या पेटीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि यंत्रातून बारीकशी पीप सोडायची. ऐकू आली की माणसाने बोट वर करायचं. व्यवहार एवढाच, पण लोक त्यातही लबाडी करीत. पीप नसताना बोट वर करीत, आपण कमी पडायला नको म्हणून. त्यावर मास्तरांचा उपाय होता. मधूनच ते काहीच सोडत नसत. नुसती शांतता. तरी बोट वर झालं की कागदावर हळूच एक खूण करीत आणि पुढे जात. त्यांना कधी राग आला नाही. पेटीतल्या माणसाला आपली किती काळजी वाटते, याचीच त्यांना गंमत वाटायची.

यंत्र निवृत्त झालं, मास्तरही झाले. आणि मग बायकोला ताप आला. ताप आठवडाभरात गेला, पण घर सोडताना भाडेकरूने पंखे काढून न्यावेत, तसा जाताना तिला येणारा वास आणि लागणारी चव घेऊन गेला.

"सूप म्हणजे ओला पुठ्ठा," ती सांगायची, "आणि पाव म्हणजे कोरडा पुठ्ठा. तुम्ही खा. मी बसते सोबतीला."

ती शाळांचे गणवेश शिवायची. बाकीच्या जगात मुलं वाढली की कपडे सैल करायचे असतात. ती हल्ली स्वतःचे कपडे कमरेत आत घेत होती. आधी एक टाका, मग बोटभर. परवा मास्तरांनी पाहिलं, मशीनवरचा झगा कुणा लहान मुलीचा असावा असं त्यांना वाटलं. तो तिचाच होता.

मध्यंतरी एकदा ती म्हणाली होती, "आज कॉफीचा वास आला हो." मास्तरांना आनंद झाला, आणि आनंद झाला की ते तपासणी करीत. दुसऱ्या सकाळी त्यांनी कपात नुसतं गरम पाणी भरलं, वर बशी झाकली आणि बशी किंचित सरकवून कप तिच्या नाकाशी धरला.

"अहाहा," ती म्हणाली. "कडक केलीत आज."

मास्तरांनी बशी उचलली. तिने आत पाहिलं.

"मी काय तुमच्या पेटीतली पेशंट आहे?"

"अगं, मी आपलं सहज..."

"तुमचं तोंड बघवत नव्हतं रोज रोज. म्हणून म्हटलं येतोय वास. झालं समाधान?"

अबोला झाला. अबोल्यानंतर तह झाला. तहात कलम एकच होतं: पुन्हा माझी परीक्षा घ्यायची नाही. मास्तरांनी शब्द दिला. नवऱ्यांनी दिलेल्या शब्दांची एकूण अवस्था पाहता तो त्यांनी बराच पाळला.

डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर दाखल करावं लागेल. मग जरा विचार करून म्हणाले, "चव नसेल तर कुरकुरीत काही देऊन बघा. कुरकुरीतपणा जिभेला थोडाच कळतो? तो कानाला कळतो." मास्तर बढती मिळाल्यासारखे घरी आले. मुलीने व्हिडिओ पाठवला: खोबऱ्यात घोळवून तळलेली कोळंबी आणि बुडवून खायला आंबटगोड सॉस. व्हिडिओतल्या तरुणाने कोळंबी दातांत धरून मोडली तेव्हा मास्तरांनी मोबाइल कानाला लावला होता.

पहिला घाणा वाया गेला. कोळंबी धुऊन ओलीच खोबऱ्यात लोळवली होती आणि तेल धुरावलेलं. तेलात पडताक्षणी दोघांचा घटस्फोट झाला. कोळंबी उघडीवाघडी एका बाजूला आणि खोबरं काळंठिक्कर होऊन दुसऱ्या बाजूला.

"काय जळतंय हो?" बाहेरून हाक आली.

मास्तरांच्या हातातला झारा थांबला. "वास आला?"

"नाही. डोळे चुरचुरले."

ती दारात येऊन उभी राहिली. कढईत पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि जास्त वाईट अवस्था कुणाची हे तिने बोलून दाखवलं नाही.

"आधी पुसून कोरड्या करा. ओल्या कापडावर खडूची रेघ तरी उमटते का? पीठ लावा, ते अस्तर. मग अंड्यात बुडवा, ते टाके. मग खोबरं. नुसतं भुरभुरवू नका, दाबून बसवा. आणि जरा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट बसेल."

"तुला कसं माहीत? व्हिडिओ बघितलास?"

"शिवण शिवणच असते. सरका, मी करते."

"नाही. तू बस. आज मी."

"बरं बाई, बसते," ती म्हणाली. "पण गॅस मंद करा. घर इन्शुअर केलेलं नाही."

दुसऱ्या वेळी सगळं रीतसर झालं. फडक्याने एकेक कोळंबी बाळाची मान पुसावी तशी टिपली. कॉर्नफ्लोअर, अंडं, किसलेलं सुकं खोबरं आणि पावाचा चुरा. तोवर शेजारच्या शेगडीवर व्हिनेगर, साखर, ठेचलेली लसूण आणि लाल मिरच्या उकळून चमच्याला चिकटू लागल्या होत्या.

"ह्याला काय म्हणायचं?" तिने स्टुलावरून विचारलं.

"डिपिंग सॉस."

"बुडवण म्हणा की. तेवढंच जिभेला सोपं."

कोळंबी तेलात सुटली आणि इतक्या वर्षांनी मास्तरांना यंत्रापुढे बसल्यासारखं वाटलं. आधी कोळंबीतल्या पाण्याचा दांडगा चरचराट. मग तो बारीक होत गेला, वर वर सरकला, पातळ झाला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. आवाज अगदी विरण्याच्या बेतात आला तसा त्यांनी घाणा काढला. सोनेरी. एक कोळंबी त्यांनी कानाजवळ नेऊन मोडली. कर्र. दोन्ही तुकडे त्यांनी मान देऊन बायकोच्याच ताटलीत ठेवले. पहिला घास तिचा, असं ठरलेलं होतं.

तिने एक उचलली, बुडवली आणि तोंडात घातली. बराच वेळ घरात एकच आवाज होता. मग तिने दुसरी उचलली.

"ऐकू येतंय हो," ती हसत म्हणाली. "अख्ख्या डोक्यात वाजतंय. आणि ही मिरची झोंबतेय, झोंबलेलं कळतंय मला."

"खा, खा. सावकाश."

तिसरी. चौथी. मास्तर तिच्या हाताकडे पाहत होते. हात ताटलीकडे आपण होऊन जात होता, कुणी आग्रह न करता. ताटली अर्ध्यावर आली तेव्हा बोटं चाटत ती म्हणाली, "आणि मीठ अगदी बेताचं पडलंय."

मास्तरांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"मीठ. बेताचं आहे. पहिल्यांदा करताय, पण हात बसला तुमचा."

नक्की का, कसं लागतंय, जिभेच्या टोकाला की मागे, असे प्रश्न रांगेत उभे राहिले. मास्तरांनी सगळे परत पाठवले. शब्द दिलेला होता. ते नुसते उठले, बाल्कनीत गेले आणि मुलीला फोन लावला.

"तुझ्या आईला मीठ कळलं."

पलीकडे मुलगी रडायला लागली. मास्तर म्हणाले, "रडतेस काय? मीठच कळलंय, लॉटरी नाही लागलेली," आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजाऱ्यालाही त्यांनी ती बातमी दिली. शेजारी म्हणाला, "वा." त्याला संदर्भ नव्हता.

ते आत आले तेव्हा ताटलीत एकच उरली होती.

"ही तुमची," ती म्हणाली. "तुम्ही एकही खाल्ली नाहीत, माझ्याकडेच बघत बसलात." आणि ती उठून मशीनकडे गेली. मास्तरांनी पाहिलं, तिने तो झगा मांडीवर घेतला होता आणि कात्रीच्या टोकाने कमरेचे टाके उसवत होती. एकेक टाका टक्कन सुटत होता.

मास्तरांनी ओट्याशी उभ्या उभ्या कोळंबी तोंडात घातली. कर्र. आवाज उत्तम होता. ते चावू लागले, मग हळू झाले, आणि मग गिळायचं विसरून तसेच उभे राहिले. त्यांनी कॉर्नफ्लोअरच्या ताटात बोट बुडवून चाखलं. सॉसचा चमचा चाखला. मग नळ सोडला आणि ताट, वाटी, चमचा, सगळं घासून टाकलं.

"कशी झालीय हो?" बाहेरून तिने विचारलं.

"छान," मास्तर म्हणाले. "मीठ बेताचं आहे."

मिठाची बरणी वरच्या फळीवर होती. सकाळपासून ती कुणी खाली काढली नव्हती.