मोठ्यात मोठा घेर

आजीने दातांत धरलेली शेवटची टाचणी झग्याच्या काठाला टोचली आणि खुर्चीचा आधार घेत उठून मागे सरकली. मागे सरकायला जागा अशी उरलीच नव्हती. चोवीस कळ्यांचा झगा लाकडी पुतळ्यावर चढवल्यापासून खोलीतलं सगळं सामान भिंतीला जाऊन टेकलं होतं.

"बाई, आता एक तर दार उघडेल, नाही तर झगा पसरेल. दोन्ही एकदम व्हायचं नाही," काजकाका दार ढकलून आत डोकावत म्हणाले.

काजकाकांचं खालच्या मजल्यावर काज-बटणांचं दुकान होतं. आजीने तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला, त्या वर्गाची निम्मी काजं काकांच्या हातची. तेवढ्या जोरावर आजीच्या कुठल्याही कामाला नावं ठेवायचा आपल्याला हक्क आहे, असं ते धरून चालत.

"मदतीला आलात की खोड्या काढायला?"

"माप घ्यायला आलो. तंबूला दोरखंड किती लागेल ते बघतो."

"हसा. पोरीने स्वतः मागितलाय. मोठ्यात मोठा घेर."

वर्ग बंद केल्यापासून आजी फक्त मुलांसाठी शिवायची. नात्यातली, शेजारपाजारची पोरं, कुणाच्या वाढदिवसाला बाहुली, कुणाच्या नाटकाला जुन्या काळचा पोशाख. तिची एक पद्धत ठरलेली होती. आधी हातभर उंचीची बाहुली करायची आणि तिच्या अंगावर तो पोशाख शिवायचा, तशाच कळ्या, तसेच टाके. काय चुकायचं ते बाहुलीवर चुकून घ्यायचं, मग मोठ्या कापडाला कात्री लावायची. शेवटी पोशाखाबरोबर बाहुलीही त्या मुलाची. या खेपेची बाहुली राणीच्या पोशाखात खिडकीत उभी होती. घेर एवढा होता की तिला बसवायची सोय नव्हती.

या वेळचा पोशाख नातीचा होता. नात आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिच्या शाळेत इतिहासाचा कार्यक्रम होता, प्रत्येकाने जुन्या काळातलं कुणीतरी होऊन यायचं होतं. महिन्यापूर्वी तिचा फोन आला तेव्हा आजी मशीनवर होती. फोन खांद्याने डाव्या, जरा कमी ऐकणाऱ्या कानाशी दाबून धरलेला, पाय मशीनवर चालू, आणि पलीकडून भिंगरी ओरडत होती, "आजी, माझा मोठा! मोठ्यात मोठा...! वर्गात दुसऱ्या कुणाचाच नाहीये!" मधला शब्द आजीला स्पष्ट ऐकू आला होता. घेर. तीस वर्षं तो शब्द कानावर पडत आला होता, तो ओळखायला तिला वेळ लागला नाही.

दुपारी लेक भिंगरीला घेऊन आली. कार्यक्रम तीन दिवसांवर होता, तोवर भिंगरी आजीकडेच राहणार होती. पोरगी धावत आत आली आणि झग्यासमोर थबकली. मग तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली. फेरी मारायला वेळ लागला.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचा गं?"

आजी हसत होती. ते हसू तिथेच अडकलं. "कुणाचा म्हणजे? तुझा. तूच नाही का म्हणालीस, मोठ्यात मोठा घेर."

"हेर," भिंगरी म्हणाली.

"काय?"

"मी हेर म्हटलं होतं, आजी. गुप्तहेर. मोठ्यात मोठा हेर. वर्गात दुसऱ्या कुणाचाच नाहीये."

लेकीला हसू फुटलं. आईच्या तोंडाकडे पाहून तिने ते घाईने गिळलं. काजकाकांनी एकदम खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. आजीने बोटातलं अंगुस्तान काढलं, परत घातलं, परत काढलं.

"अगं, मग राणी हो की," लेक म्हणाली. "आजीने किती दिवस खपून केलंय. घेर आणि हेर, फरक तो केवढा."

"वर्गात राण्या आधीच अकरा आहेत," भिंगरी म्हणाली. ती रडली नाही. खाली बघून चपलेच्या टोकाने फरशीवरचा एक दोरा ढकलत राहिली. आजीला तेच जास्त लागलं.

"ती नाही होणार राणी," आजी म्हणाली. "घोटाळा माझ्या कानाने केला. तो अंगावर घालून पोरीने का मिरवायचं?"

लेक गेल्यावर आजीने झगा पुतळ्यावरून उतरवला आणि मांडीवर उलटा घेतला. आतलं अस्तर जाड सुती होतं, मळखाऊ तपकिरी रंगाचं. एवढ्यात एका हेराचे कपडे सहज निघाले असते. झगा मात्र पार उसवावा लागला असता. तिने डब्यातून ब्लेड काढलं.

"बस इथे," ती भिंगरीला म्हणाली. "आधी मला नीट सांग. या खेपेला मशीन बंद आहे. हेर दिसतो कसा?"

"काळा कोट. इथपर्यंत टोपी. तोंडाला फडकं."

"आणि असा तो राजवाड्यात शिरला, तर पहारेकरी काय म्हणेल?"

भिंगरीने विचार केला. "म्हणेल, हेर आला."

"मग?"

"मग पकडला."

"म्हणजे कोट गेला. टोपी गेली. आता त्याने काय घालावं?"

काजकाकांना राहवलं नाही. "पाणी भरणाऱ्याचे कपडे घालावेत. माळ्याचे घालावेत."

"तिला सांगू दे हो. वर्गात सगळी उत्तरं मागच्या बाकावरून यायची, तशी तुमची सवय."

भिंगरी उजवा पाय हलवत राहिली. आजीने वाट पाहिली. मुलाचा पाय हलत असला की डोकं चालू असतं, मध्ये बोलू नये, हे तिने वर्गात शिकून घेतलं होतं. वाट बघताना हाताला चाळा म्हणून तिने कमरेच्या शिवणीला ब्लेड लावलं आणि चार टाके उसवले.

"आजी, थांब." पाय थांबला होता. "जिथे जायचं, तिथल्यासारखं दिसायचं ना?"

"हो."

"तिथे तर राण्याच आहेत. अकरा." तिने झग्याकडे पाहिलं. "बारावी कोण मोजतंय?"

आजीने ब्लेड खाली ठेवलं. पोरगी आपलं मन राखायला असं बोलते आहे की काय, हे बघायला तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. पण भिंगरीला मन राखायला सवड नव्हती. ती झग्याखाली शिरून आतून बोलत होती. आत पाच खिसे हवेत. पळायला तपकिरी विजार हवी. कागदाला एक, पेन्सिलीला एक, बाकीचे अजून ठरलेले नाहीत.

तिथून कामाला रंग चढला. आजीला आता नुसत्या खिशांवर भागवायचं नव्हतं. केलेली चूक तिला अशी सुधारायची होती की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पुढच्या शिवणीभर टिचबटणं लावायची, कमरेशी फितीचा एक फास. फास ओढला की सगळा झगा एका झटक्यात खाली, आणि आत तपकिरी कपड्यांतला हेर. सगळ्या सभागृहासमोर. पद्धतीप्रमाणे आधी बाहुलीवर करून बघितलं. काजकाकांनी मुगाएवढी टिचबटणं शोधून आणली, भिंगरीने आजीच्या देखरेखीखाली दोन लावली, त्यातलं एक उलटं लागलं आणि ते उसवून तिनेच पुन्हा लावलं. मग फास ओढला. राणी गळून पडली आणि बरणीएवढा हेर उभा राहिला.

"वा," काजकाका म्हणाले. "बाई, एवढं तर तुम्ही वर्गातही कधी केलं नाहीत."

दिवसभरात आजीने तो फास आणखी सहा वेळा ओढून पाहिला. भिंगरी मात्र दोनदा ओढून थांबली. बाहुलीला झगा परत चढवून ती बराच वेळ नुसती बघत बसली.

कार्यक्रमाच्या दिवशी आजी आणि काजकाका तिसऱ्या रांगेत बसले. मुलीला कपडे चढवायला लेक आत होती. सेनापती येऊन गेले, एक खलाशी आला तो आपलं वाक्य विसरून हात हलवून गेला, आणि मग राण्या आल्या. बारा राण्या ओळीने उभ्या राहिल्या. एकेक पुढे येऊन आपण कोण ते सांगत होती. आजी बोटांवर राण्या मोजत होती. बारावी पुढे आली. तिचा हात कमरेशी गेला. काजकाकांनी श्वास रोखला.

भिंगरीने कमरेवरची चुणी सारखी केली.

"मीसुद्धा राणी," ती म्हणाली, वाकली आणि ओळीत जाऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या, बाकीच्या अकराजणींना पडल्या होत्या तेवढ्याच.

"अडकलं," काजकाका कुजबुजले. "माझं टिचबटण अडकलं."

"तुमचं अडकत नाही." आजी समोर बघत होती. "घाबरली असेल." तिने रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा तशीच घातली.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या बोळात राण्यांची नुसती दाटी झाली होती. त्यातून एक झगा वाट काढत आला. भिंगरीच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

"अगं, ओढलं का नाहीस?" काजकाका नेहमीच्या आवाजात म्हणाले. "सगळ्यांनी बघितलं असतं."

भिंगरीने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"काका, हळू. म्हणूनच नाही ओढलं."

आजीने झग्याकडे पाहिलं. समोरच्या शिवणीत अठरा टिचबटणं होती, एकसारख्या अंतरावर, बाहेरून एकही दिसत नव्हतं. ती दिसली नव्हती आणि आता दिसणारही नव्हती.

तेवढ्यात एक बाई जवळ आल्या, कुठल्याशा राणीच्या आई असाव्यात. "ही तुमची होय? गोड दिसत होती हो. सगळ्याच गोड दिसत होत्या. पण तुमच्या हातात एवढी कला आहे म्हणतात, तर काहीतरी वेगळं करायचंत की. राण्या म्हणजे काय, झाल्याच की डझनभर."

काजकाकांचा चेहरा लाल झाला. भिंगरी आजीकडे बघत होती, पापणी न हलवता. तिचा हात आपोआप फासावर गेला होता.

"काय करणार," आजी म्हणाली. "मला काही वेगळं सुचलंच नाही."

बाई मान डोलवत पुढे गेल्या. भिंगरीचा हात खाली आला. ती सरकून आजीला खेटून उभी राहिली.

"बातमी आहे," ती ओठ न हलवता म्हणाली.

झग्याचा काठ सारखा करायच्या निमित्ताने आजी खाली वाकली आणि तिने कान पुढे केला. या वेळी चांगला कान.