मागची खोली

जंगलातल्या आमच्या गावाने मिळून घरोघरी होमस्टे काढले. पाहुण्यांना अस्सल जुनं घर दिसायला हवं, असं सगळ्यांनी ठरवलं. म्हणून पाहुणे आले की आम्ही फ्रिज, टीव्ही, पंखा मागच्या खोलीत कोंबतो. सासूबाईही तिथेच बसतात. मालिका चुकली तर त्या घर डोक्यावर घेतात. गॅस असून चुलीपुढे डोळे चोळत बसायला मी आहेच.

परवा आलेल्या बाईंनी धुराचंही कौतुक केलं. "किती भाग्यवान तुम्ही!" म्हणाल्या आणि आपल्या नवऱ्याला शोधायला झऱ्यावर गेल्या.

मी गार पाण्यासाठी मागची खोली उघडली, तर बाईंचे नवरोबा पंख्याखाली, सासूबाईंशेजारी मांडी ठोकून मालिका बघत होते.

"वहिनी, आधी दार लावा," त्यांनी हात जोडले. "हिला कळू देऊ नका. ही इथे कायमचं राहायला यायचं म्हणतेय, आणि इथे टीव्ही-पंखा नाही एवढीच माझ्याकडे सबब आहे."