काचेतली चटई

“दोन तास ने. प्रार्थना आटोपली की संध्याकाळपर्यंत परत आण,” पेनिआमिना सर म्हणाले; वर, आपण केवढं मन मोठं केलं असा चेहरा.

कडेवरचं बाळ फुआतिनोच्या गळ्यातली माळ चोखत होतं. तिने ती हळूच सोडवली.

“मग मावशीच्या सासरच्यांना काय सांगू, सर? भेट उसनी आणलीय म्हणून?”

“आवाज खाली. सोमवारी परदेशचे पाहुणे येतायत. ही चटई म्हणजे आपल्या केंद्राचं नाक आहे.”

नाक! फुआतिनोच्या अंगाची लाही लाही झाली. आपिआ या बेटावरच्या राजधानीतल्या विद्यापीठाच्या या केंद्रात ती संध्याकाळी गावच्या बायकांना विणकाम शिकवायची. त्यांना बोटांनी चाचपता यावी, म्हणून आईने ही चटई विश्वासाने ठेवायला दिली होती. केवड्याच्या पातीची, धुवट लुगड्यासारखी मऊ. आई आणि मावशी ती विणत होत्या, तेव्हा फुआतिनो आईच्या पोटात होती. सरांनी ती काचेत घातली, कुलूप लावलं. बायका लांबूनच बघत. आता मावशी गेली, आणि तिच्या मातीला बहिणीकडची चटई जायलाच हवी होती. एकदा दिलेली चटई परत येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

“तुमची आई गेली तेव्हा आमच्या घरून चटई आली होती. कुणी संध्याकाळी परत मागायला आलं होतं?”

सरांनी टेबलावरची कुलपाची किल्ली जवळ ओढली. “ती गोष्ट वेगळी. ही आता संशोधनाची वस्तू आहे.”

“मग मलापण घाला की काचेत,” काळ्या कपड्यातली आई दारातून कडाडली. “मीच विणलीय ती!”

फुआतिनोने बाळ आईकडे दिलं आणि टेबलावरची किल्ली उचलली.

“हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येत.”

मावशीच्या अंगणात मायलेकींनी चटई दोन्हीकडून धरून उलगडली. लाल पिसांची किनार वाऱ्यावर थरथरली. सासरच्यांनी मोठ्याने धन्यवाद पुकारले. मग रीतीप्रमाणे आलेल्या भेटींचं पाहुण्यांत वाटप झालं, आणि चटई लांबच्या गावच्या कुणा पाहुण्याच्या वाट्याला गेली. त्याने घडी काखेत मारली, ट्रकवर टाकली, वर पाय सोडून बसला.

ट्रक वळणाआड गेला. आईने मान वळवली नाही. ती नातवाची लाळ पुसत राहिली.