न गाळलेली नाचणी

गॉझच्या तुकड्यावर तेवीस कण होते. एकोणीस काळपट, चार तांबूस. सर्वांत मोठा दीड मिलिमीटरचा. भोवती पिवळट पू, आणि वास कालच्यापेक्षा जास्त.

हा गॉझ वहिनीने आईच्या तोंडातून काढला होता. वहिनीनेच, कारण माझ्यासमोर आई तोंड उघडत नाही. म्हणजे उघडते, पण चौदा मिलिमीटर. वहिनीसमोर एकोणीस. मी प्लास्टिकच्या पट्टीने तीन दिवस मोजलं. रेडिएशननंतर जबड्याचे स्नायू आखडतात, हे मला माहीत आहे. पण समोर कोण उभं आहे हे स्नायूंना कसं कळतं, ते मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

गेल्या वर्षी आईच्या गालाचा कॅन्सर काढला, छातीचं मांस तिथे बसवलं, मग तीस वेळा रेडिएशन झालं. सात महिन्यांनी त्याच जागी आतून जखम झाली, हाडापर्यंत. डॉक्टरांनी बारीक सळई घालून खोली मोजली. बारा मिलिमीटर.

"दोन आठवडे औषधं आणि स्वच्छता," ते म्हणाले. "खोली आठच्या खाली आली तर ठीक. नाहीतर जबड्याचा तुकडा काढावा लागेल. त्यासाठी कोल्हापूरला जा."

तेव्हापासून दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याची पिचकारी मारायची होती. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलेलं. पाणी मी उकळायचे, मीठ तोलून घालायचे, बाटलीवर वेळ लिहायचे. हात मात्र वहिनीचे.

"वेदिका, तू कर गो," आई वहिनीला म्हणायची. जीभ नीट वळत नसल्याने तिची निम्मी वाक्यं कळत नाहीत. हे एक कायम कळायचं.

दादा मुंबईला नोकरीला. वहिनी पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली, या घरात तिला चार वर्षं झाली. मला तेवीस.

ते काळे कण पाहून मला एकच गोष्ट सुचली. मशेरी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आईने तीस वर्षं दातांना लावली. आई मागत असणार, वहिनी गुपचूप देत असणार, आणि म्हणूनच ते एकोणीस मिलिमीटर. मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला.

वहिनी मोरीत सिरिंज धूत होती.

"वहिनी, आईला मशेरी कोण देतं?"

"काय?"

"हे बघ. तेवीस कण."

"मोजलेस पण?" तिने हात पुसले. "मशेरीचा डबा मी ऑपरेशनच्या आधीच चुलीत घातला. आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या, विसरलीस?"

"मग हे काय आहे?"

"ते तू सांग. सायन्स तू केलंस."

पलंगावरून आईने हात हलवला. "भांडू नका गो."

मी चिमट्याने एक कण पांढऱ्या कागदावर ठेवला आणि चिमट्याच्याच टोकाने दाबला. मशेरी असती तर चुरा होऊन काळी रेघ उठली असती. रेघ उठली नाही. कण वाकला. भिंगाखाली तो पातळ पापुद्रा निघाला, एका बाजूने तांबडा.

वहिनी माझ्या खांद्यावरून वाकली. "ही नाचणीची साल."

पूर्वी आईची पेज वहिनी करायची. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेलं सत्त्व वाळवून. महिन्यापूर्वी मी ते बंद केलं. आईचं पोट साफ होत नव्हतं, कोंडा हवा होता, म्हणून मी नाचणी गिरणीतून दळून आणली आणि ते पीठ न गाळता शिजवायला सांगितलं. हे कारण खरं होतं. दुसरंही होतं. आई आल्यागेल्याला "वेदिकाच्या हातचं सत्त्व" म्हणून सांगायची.

"तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"बोलले होते. तू म्हणालीस, वहिनी, तुला नाही कळायचं."

तसं मी म्हटलं होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. जखम रेडिएशनचीच, ते म्हणाले, पण तिच्यात कोंडा अडकून कुजत असेल तर ती भरणार कशी? सगळं गाळून द्या, प्रत्येक खाण्यानंतर तोंड धुवा. मग मी आईला सांगितलं की चूक माझी होती.

"शिकलेली गो माझी बाय," आई म्हणाली आणि हसली. हसताना ओठांच्या कडेने लाळ आली. पुसायला मी हात पुढे केला. वहिनीचा आधीच पोचला होता.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडून गाळायला शिकले.

"पिळू नकोस. टांगून ठेव. पिळलंस की कोंडा उतरतो."

"किती वेळ?"

"गळायचं थांबेपर्यंत."

"मिनिटं सांग ना."

"अगो, बघ की त्याच्याकडे!"

मी घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं लागली. पेज झाली, आईने दोन घास घेतले आणि विचारलं, "वेदिकाने केली?" वहिनी म्हणाली, "नाही, हिने." आईने तिसरा घास वहिनीच्या हातून घेतला.

गाळलेली पेज सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी गॉझवर सहा कण होते. पाचव्या दिवशी एकही नव्हता. नवव्या दिवसापासून पू दिसला नाही. डॉक्टरांनी दिलेले दोन आठवडे संपले त्या दिवशी रिक्षाने भाट्याचा पूल ओलांडून आम्ही तिघी दवाखान्यात गेलो.

"जखम कोण साफ करतं?" डॉक्टरांनी विचारलं. "छान ठेवलीय."

आईने वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनीने माझ्याकडे दाखवलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

डॉक्टरांनी सळई घातली. खोली सात मिलिमीटर.

घरी आल्यावर मी तीच प्लास्टिकची पट्टी घेतली आणि आईचं तोंड किती उघडतं ते पुन्हा मोजलं. वहिनीसमोर वीस, माझ्यासमोर सोळा.